सिस्टीम अ‍ॅडमिनचं काम शिकायचंय? घरीच एक लिनक्स सर्व्हर उभा करा

लोकांना लागणारी सेवा चालू ठेवायची, आणि ती बंद पडली तर का पडली हे शोधून परत चालू करायची, हे सिस्टीम अ‍ॅडमिनचं काम. कमांड त्यासाठी लागतात, पण नुसत्या कमांड पाठ करून हे काम येत नाही. दोनशे कमांड लिहून काढलेला विद्यार्थीसुद्धा ‘सेवा सुरू होत नाही’ एवढं ऐकलं की अडतो, कारण आधी कुठे बघायचं हेच त्याला कोणी शिकवलेलं नसतं. म्हणून या लेखात एकच सर्व्हर घेतला आहे. तो उभा करायचा, मुद्दाम बिघडवायचा आणि लॉग (सर्व्हर स्वतः लिहून ठेवतो ती घडामोडींची नोंद) वाचून दुरुस्त करायचा. रोज तास-दीड तास दिलात तर आठ ते दहा आठवडे पुरतात.

इथे उबुंटू सर्व्हर २४.०४ हे लिनक्स घेतलं आहे. ही एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या आधाराची, आवृत्ती आहे. अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. नोकरीत रेड हॅट किंवा त्याच घराण्यातलं रॉकी, अल्मा भेटलं तर पॅकेजची कमांड आणि फायरवॉल बदलेल; सेवा, परवानग्या, लॉग आणि नेटवर्कचा विचार तोच राहील.

एक सूचना आधीच. कमांड आणि फाइलची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायची. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. लिनक्सला लहान आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं, हे पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या.

काय काय लागेल

- ६४-बिट लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. रॅम ८ जीबी असेल तर उत्तम. ४ जीबीवरही चालतं, पण तेव्हा ब्राउझर बंद ठेवावा लागेल.
- डिस्कवर ४० जीबी मोकळी जागा.
- व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे आपल्याच संगणकात दुसरं (व्हर्च्युअल) मशीन चालवणारा प्रोग्रॅम. हे मोफत आहे.
- उबुंटू सर्व्हरची आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये), साधारण अडीच ते तीन जीबी. मोबाइल डेटावर उतरवणार असाल तर आधी पॅक बघा.
- बॅकअपसाठी वेगळा पेनड्राइव्ह, १६ जीबी पुरे.
- कागदाची वही. स्क्रीनवरची नोंद मशीनबरोबरच जाते.

क्लाउडचं खातं सुरुवातीला उघडू नका. मोफत मुदत संपल्यावर किंवा चालू राहिलेल्या एखाद्या डिस्कमुळे कार्डावर बिल येतं. शिवाय आयपी पत्ता, डिस्क, फायरवॉल असं बरंच काही तिथे तयार मिळतं आणि नेमकं तेच शिकायचं राहून जातं.

१. मशीन उभं करा

आधी संगणकाच्या बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहा. इंटेलमध्ये त्याचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीमध्ये एएमडी-व्ही किंवा एसव्हीएम. ते बंद असेल तर व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नाही. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत कासवाचं चिन्ह दिसलं, तर हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा आडवी आलेली आहे आणि मशीन रेंगाळत चालेल. शिकण्यापुरतं चालतं, पण मशीन हळू का आहे याचं कारण माहीत असावं.

आयएसओ उतरली की तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलचा ठसा) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. विंडोजवर पॉवरशेलची ‘गेट-फाइलहॅश’ कमांड हे काम करते. अर्धवट उतरलेली फाइल बऱ्याचदा इन्स्टॉल होताना मध्येच अडकते, आणि माणूस दोन दिवस भलतीकडेच चूक शोधत बसतो.

नवीन मशीनला २ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क द्या. मशीन तयार करताना ‘अनअटेंडेड इन्स्टॉलेशन वगळा’ या चौकटीत टिक करा. नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच्या मनाने वापरकर्ता बनवून मोकळं होतं आणि तुमच्या हाती सुडोचा (अ‍ॅडमिन म्हणून कमांड चालवण्याचा) अधिकार नसलेलं खातं येऊ शकतं.

इन्स्टॉलरमध्ये दोन जागी थांबा. पहिली जागा ओपनएसएसएच सर्व्हरची. तिथे टिक करायची राहिली तर नंतर बाहेरून मशीनमध्ये शिरता येणार नाही. दुसरी जागा डिस्कची. उबुंटूचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कचे विभाग नंतरही वाढवता येतात अशी पद्धत) वापरतो आणि २५ जीबीच्या डिस्कमधली जवळपास निम्मी जागाच मुख्य विभागाला देतो. उरलेली राखीव राहते. डिस्कच्या पानावर मुख्य विभागाचा आकार वाढवून घ्या, किंवा तसंच पुढे जाऊन नंतर ‘एलव्हीएक्स्टेंड’ने वाढवा. हा दुसरा मार्ग जास्त शिकवतो. मात्र ‘-आर’ हा पर्याय विसरू नका. तो दिला नाही तर विभाग मोठा होतो, पण त्यावरची फाइलसिस्टीम जुन्याच मापाची राहते आणि डिस्कची जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड पहिलाच आकडा दाखवत राहते.

इन्स्टॉल झालं की मशीन बंद करून स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती, जिथे परत जाता येतं) घ्या. पुढची सगळी मोडतोड या भरवशावर करायची आहे. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो.

२. एसएसएचने आत शिरा

खरे सर्व्हर डेटा सेंटरमध्ये असतात, त्यांच्यासमोर स्क्रीन नसते. म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या काळ्या खिडकीत काम करायची सवय लावू नका. नेटवर्क एनएटीवरच (मशीन आपल्या संगणकामार्फत बाहेर जातं ती पद्धत) ठेवा आणि पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये यजमान, म्हणजे आपल्या, संगणकाचं २२२२ पोर्ट (सेवेच्या दाराचा क्रमांक) मशीनच्या २२ पोर्टला जोडा. मग आपल्या संगणकावरून ‘एसएसएच -पी २२२२ नाव@१२७.०.०.१’ असं लिहिलं की आत. विंडोज १० आणि ११ मध्ये पॉवरशेलमधूनच एसएसएच चालतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

यानंतर पासवर्डऐवजी किल्ली वापरा. ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ ही कमांड आपल्या संगणकावर चालवा, सर्व्हरवर नाही. दोन फाइली तयार होतात. ‘.पब’ने संपणारी सार्वजनिक, तीच सर्व्हरवर जाते. दुसरी खाजगी, ती कोणालाही द्यायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवायचीसुद्धा नाही. सर्व्हरवर घरच्या फोल्डरातल्या ‘.एसएसएच’ची परवानगी ७०० आणि त्यातल्या ‘ऑथोराइज्ड_कीज’ फाइलची ६०० हवी. फोल्डर किंवा फाइल इतर कोणाला लिहिता येण्यासारखी असेल तर सर्व्हर किल्लीकडे दुर्लक्ष करतो आणि गुपचूप पासवर्ड मागतो. कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडतं: मालकी किंवा परवानगी चुकीची.

किल्लीने आत जाता यायला लागलं की पासवर्डचा मार्ग बंद करा. इथे बरेच जण फसतात. ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशनपुढे ‘नो’ लिहिलं, तरी पासवर्ड चालतच राहतो. त्या फाइलच्या वरच्या भागातच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमधल्या फाइली ओढून घेतल्या जातात, आणि एसएसएच पहिल्यांदा भेटलेली किंमतच धरतं. तिथल्या ‘५०-क्लाउड-इनिट’ फाइलमध्ये ‘येस’ असेल तर तुमचं ‘नो’ वाया. सध्या नेमकं काय लागू आहे ते ‘सुडो एसएसएचडी -टी’ सांगतं, त्यातला ‘टी’ मोठा. लहान ‘टी’ने फक्त लिहिण्यातली चूक तपासली जाते. दोन्ही कमांड रोज वापरण्यासारख्या आहेत.

एसएसएचमध्ये काहीही बदलताना चालू असलेली खिडकी बंद करायची नाही. दुसरी खिडकी उघडून आत जाता येतंय का ते पाहायचं, मगच पहिली मिटवायची. लांबच्या सर्व्हरवर ही सवय नसेल तर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल.

आणखी एक: २४.०४ मध्ये एसएसएचचं पोर्ट ‘एसएसएच.सॉकेट’ या वेगळ्या घटकामार्फत ऐकलं जातं. पोर्ट बदलून नुसती एसएसएच सेवा पुन्हा सुरू केली तर बदल लागू होत नाही. सेवा हाताळणाऱ्या कमांडने ‘सिस्टमसीटीएल डिमन-रीलोड’ करून ‘एसएसएच.सॉकेट’ पुन्हा सुरू करावं लागतं.

३. वापरकर्ते आणि परवानग्या

आधी ही चार फोल्डर ओळखीची करा. ‘/ईटीसी’मध्ये सेटिंग, ‘/व्हार/लॉग’मध्ये लॉग, ‘/होम’मध्ये माणसांच्या फाइली, ‘/व्हार’च्या इतर भागात सेवांचा वाढत जाणारा डेटा. पहिल्या महिन्यात याबाहेर फार जावं लागत नाही.

परवानगीचा हिशोब बेरजेचा आहे. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. म्हणून ६४४ म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, इतरांनी नुसतं वाचावं. ७५५ हे फोल्डरसाठी नेहमीचं. फोल्डरवरच्या ‘१’चा अर्थ मात्र वेगळा आहे: त्यातून पुढे जाता येणं. हे नीट समजलं नाही तर पुढची अडचण कधीच सुटत नाही.

ती अडचण अशी. वेबसाइटच्या फाइली घरच्या फोल्डरात ठेवल्या, फाइलला ६४४ दिलं, तरी एनजिनएक्स (वेबसाइट दाखवणारा प्रोग्रॅम) ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, दाखवतं. उबुंटूमध्ये घरचं फोल्डर ७५० असतं, आणि एनजिनएक्स ज्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ वापरकर्त्याच्या नावाने चालतं तो ‘बाकी सगळ्यां’त मोडतो. त्याला दारातूनच आत येता येत नाही, मग आतल्या फाइलची परवानगी काहीही असो. ‘नेमआय -एल’ आणि पुढे फाइलचा पूर्ण मार्ग दिला की वरपासून प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते आणि अडलेली पायरी लगेच सापडते.

अशा वेळी ‘सीएचमॉड ७७७’ करा असा सल्ला जागोजागी मिळतो. तो घेऊ नका. त्यामुळे मशीनवरच्या कोणत्याही प्रोसेसला ती फाइल बदलता येते, आणि वेबसाइटमधल्या एखाद्या भोकातून शिरलेल्या माणसाला आयतंच रान मिळतं. साइटच्या फाइली ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’मध्ये ठेवणं हा सरळ मार्ग आहे.

वापरकर्त्याला नव्या गटात घालताना ‘युजरमॉड’ला लहान ‘ए’ आणि मोठा ‘जी’ असे दोन्ही पर्याय द्या. ‘ए’ राहिला तर आधीचे सगळे जोड-गट निघून जातात, सुडोचासुद्धा. एकमेव अ‍ॅडमिनबाबत हे झालं तर रिकव्हरी मोडमध्ये जावं लागतं. स्नॅपशॉट असताना एकदा हे मुद्दाम करून बघा. गटातला बदल पुन्हा लॉगइन केल्यावरच लागू होतो, हेही तेव्हाच कळेल.

सुडोची फाइल फक्त ‘व्हायसुडो’नेच उघडा. ती जतन करताना चूक तपासते. साध्या एडिटरने केलेली एक चूक सुडोच बंद पाडते.

४. पॅकेज आणि अपडेट

‘एपीटी अपडेट’ने फक्त यादी ताजी होते, ‘एपीटी अपग्रेड’ने पॅकेज बदलतात. दोन्ही लागतात, याच क्रमाने. कधीकधी कुलूप मिळत नाही असा संदेश येतो. बहुतेक वेळा मागे आपोआप सुरक्षा अपडेट चाललेलं असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. कुलपाची फाइल पुसून टाकायचा सल्ला मिळाला तर तो मानू नका, पॅकेजचा डेटाबेस अर्धवट राहतो. अपडेटनंतर ‘/व्हार/रन/रिबूट-रिक्वायर्ड’ फाइल तयार झाली असेल तर मशीन पुन्हा सुरू करणं बाकी आहे.

५. सेवा आणि लॉग: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

‘एपीटी इन्स्टॉल एनजिनएक्स’ करा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यजमानाचं ८०८० पोर्ट मशीनच्या ८० ला जोडा आणि ब्राउझरमध्ये स्वागताचं पान बघा. आता हे पान बंद पाडायचं आहे.

आधी शब्दांतला फरक. ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ने सेवा आत्ता सुरू होते. ‘एनेबल’ने पुढच्या वेळी मशीन सुरू होताना ती आपोआप सुरू होईल अशी नोंद होते, पण आत्ता काहीच होत नाही. ‘काल सर्व्हर रिबूट झाला आणि साइट गेली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एनेबल करायचं राहिलेलं असतं. ‘रीलोड’ चालू जोडण्या न तोडता नवं सेटिंग वाचतं, ‘रीस्टार्ट’ सगळं थांबवून पुन्हा उठवतं. दिवसाढवळ्या चालू सेवेवर शक्य तिथे रीलोडच.

बिघाड पहिला. ‘/ईटीसी/एनजिनएक्स’मधल्या साइटच्या फाइलमधला एक अर्धविराम काढा आणि रीस्टार्ट करा. सेवा उठणार नाही. आता फाइलकडे वळू नका. आधी ‘सिस्टमसीटीएल स्टेटस एनजिनएक्स’, मग ‘जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स -एन ५०’. त्यात फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक मिळेल. गंमत म्हणजे तो क्रमांक अनेकदा एक-दोन ओळी पुढचा असतो, कारण अर्धविराम नाही हे पुढचा शब्द वाचल्यावरच एनजिनएक्सला कळतं. ‘एनजिनएक्स -टी’ हीच तपासणी सेवा न थांबवता करतं. ती आधी केली असती तर साइट पडलीच नसती, म्हणून प्रत्येक बदलानंतर आधी ‘-टी’ आणि मग रीलोड.

बिघाड दुसरा. अपाचेही टाका. दोघांनाही ८० पोर्ट हवं असतं, त्यामुळे दुसऱ्याला जागा मिळत नाही आणि लॉगमध्ये ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ येतं. पोर्ट कोणी धरलंय ते ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ दाखवतं. सुडो न लावता ही कमांड दिली तर इतरांच्या प्रोसेसचं नाव दिसत नाही, नुसतं पोर्ट दिसतं.

बिघाड तिसरा. स्वतःची छोटी सेवा लिहा: दर मिनिटाला फाइलमध्ये वेळ लिहिणारी स्क्रिप्ट, आणि तिच्यासाठी ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’मध्ये युनिट फाइल (सेवा कशी चालवायची ते सांगणारी). स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी न देताच सुरू करा. स्टेटसमध्ये २०३ हा कोड दिसेल. दिलेला प्रोग्रॅम चालवताच आला नाही, असा त्याचा अर्थ. मार्ग चुकलेला, परवानगी नसलेली किंवा स्क्रिप्टची पहिली ओळ चुकलेली, या तीन कारणांपैकी एक असतं. विंडोजवर लिहून आणलेल्या स्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी न दिसणारं जादा चिन्ह येतं, त्यानेही हेच होतं. युनिट फाइल बदलल्यावर ‘डिमन-रीलोड’ करायला विसरलात तर जुनीच फाइल चालत राहील.

लॉग वाचायची रीत अशी ठेवा. घटना किती वाजता घडली ते आधी ठरवा. त्या वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून वाचायला सुरुवात करा. पहिली चूक शोधा, शेवटची नव्हे. शेवटच्या दहा ओळी बहुतेक वेळा पहिल्या चुकीचे पडसाद असतात. मशीन अचानक बंद पडून पुन्हा सुरू झालं असेल तर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ने आधीच्या वेळचा लॉग मिळतो. कारण समजल्याशिवाय रीस्टार्ट करायचा मोह टाळा. रीस्टार्टने सेवा परत येते, पण चालू प्रोसेसमध्ये दिसणारा पुरावा जातो आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा घडतं.

६. डिस्क भरते तेव्हा

डिस्क भरली की लक्षणं विचित्र दिसतात: डेटाबेस लिहीत नाही, लॉगइनला अडचण येते, अपडेट अर्धवट राहतं. म्हणून कोणत्याही चमत्कारिक बिघाडात ‘डीएफ -एच’ पहिल्या मिनिटात बघा. जागा दिसते पण फाइल तयार होत नाही, असं असेल तर ‘डीएफ -आय’. फाइलींची संख्यासुद्धा संपू शकते; लाखो बारीक फाइली, जुनी सेशन वगैरे साचली की हे होतं. कोणत्या फोल्डराने जागा खाल्ली ते ‘डीयू -एक्सएच’ आणि ‘--मॅक्स-डेप्थ=१’ने पायरीपायरीने शोधा.

नवख्यांना चक्रावणारी गोष्ट पुढे आहे. २ जीबीची लॉग फाइल ‘आरएम’ने पुसली, तरी जागा मोकळी झाली नाही. ज्या प्रोसेसने ती उघडून ठेवली आहे, ती सोडेपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ अशा पुसलेल्या पण धरून ठेवलेल्या फाइली दाखवतं, त्यातला ‘एल’ मोठा. त्या सेवेला रीस्टार्ट केलं की जागा सुटते. चालू लॉग पुसण्याऐवजी ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामा करणं बरं. आणि मुळात जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणारं ‘लॉगरोटेट’ नीट लावलेलं असेल तर ही वेळ येत नाही.

दुसरी व्हर्च्युअल डिस्क जोडून ‘/ईटीसी/एफएसटॅब’चाही (मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) सराव करा. ओळीत ‘/डेव्ह/एसडीबी१’ असं नाव न लिहिता यूयूआयडी (डिस्कच्या विभागाचा ओळख क्रमांक) लिहा, ‘यूयूआयडी=’ मोठ्या अक्षरांत, कारण डिस्कचा क्रम बदलला की नाव बदलतं. बिनमहत्त्वाच्या डिस्कला ‘नोफेल’ लावा, म्हणजे ती नसली तरी मशीन सुरू होतं. आणि रिबूट करण्याआधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ व ‘माउंट -ए’ चालवून बघा. इथली एक चूक मशीनला इमर्जन्सी मोडमध्ये नेते, आणि तिथे एसएसएच नसतं.

७. नेटवर्क: कुठे अडलंय ते ओळखा

‘नेट चालत नाही’ यावर एका रांगेत पाच प्रश्न विचारा. मशीनला आयपी मिळालाय का: ‘आयपी ए’. बाहेरचा रस्ता ठरलाय का: ‘आयपी आर’, त्यात ‘डीफॉल्ट’ची ओळ हवी. गेटवे (बाहेर नेणारा राउटर) उत्तर देतो का: पिंग. इंटरनेटवरचा ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) उत्तर देतो का: पुन्हा पिंग. नावाचा आयपी मिळतो का: ‘डिग’. पहिले चार ठीक आणि पाचवं नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेचा. व्हर्च्युअलबॉक्सच्या एनएटीमध्ये आणि बऱ्याच कंपन्यांत पिंग अडवलेलं असू शकतं, म्हणून पिंगचं उत्तर नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका. ‘कर्ल -आय’ने, मोठ्या ‘आय’ने, प्रत्यक्ष वेबसर्व्हरचं उत्तर मागून बघा.

दोन संदेशांतला फरक पक्का करा, निम्मा शोध तिथेच संपतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे समोरच्याने उत्तर दिलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. सेवा बंद आहे किंवा भलत्या पत्त्यावर ऐकतेय. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तरच आलं नाही. बहुधा फायरवॉल पाकिटं गिळतेय, किंवा आयपी चुकलाय. रिफ्यूज्ड आल्यावर फायरवॉल उघडत बसणं आणि टाइम्ड आउट आल्यावर सेवा रीस्टार्ट करत बसणं यात खूप वेळ जातो.

सेवा सर्व्हरच्या आतून चालते पण बाहेरून नाही, तेव्हा ‘एसएस’च्या उत्तरात पत्ता बघा. १२७.०.०.१ असेल तर ती फक्त मशीनच्या आतच ऐकतेय, ०.०.०.० असेल तर सगळीकडून. डेटाबेस पहिल्या प्रकारचाच राहू द्या.

फायरवॉलसाठी ‘यूएफडब्ल्यू’ सोपं आहे. क्रम मात्र एकच: आधी ‘यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच’ (त्यातला ‘ओ’ आणि ‘एसएसएच’ मोठे), मग ‘एनेबल’. आयपी बदलायचा असेल तर ‘नेटप्लॅन’च्या फाइलमध्ये टॅब वापरू नका, मोजून स्पेस द्या. बदल ‘नेटप्लॅन अप्लाय’ने न करता ‘नेटप्लॅन ट्राय’ने लागू करा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनं सेटिंग परत येतं.

घरचा सर्व्हर इंटरनेटवर उघडायच्या फंदात आत्ता पडू नका. अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक आयपी बऱ्याच घरांना मिळून देतात, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी पोचत नाही. आणि जिथे पोचतं, तिथे २२ पोर्टवर पासवर्ड चाचपणारे बॉट फार लवकर येतात.

८. वेळ, क्रॉन आणि बॅकअप

उबुंटू सर्व्हरची वेळ सुरुवातीला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. रात्री २ वाजता लावलेलं काम मग आपल्याकडे सकाळी ७:३० ला चालतं. ‘टाइमडेटसीटीएल’ने क्षेत्र आशिया/कोलकाता करा (दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं), किंवा यूटीसी ठेवून साडेपाच तासांचा हिशोब वहीत लिहा. अनेक देशांत सर्व्हर असलेल्या कंपन्यांत दुसरी पद्धत बरी.

हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी यंत्रणा) चालत नाही, ही कायमची तक्रार. क्रॉनला तुमचं वातावरण मिळत नाही, त्याचा ‘पाथ’ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) अगदी तोकडा असतो. प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग लिहा. टक्क्याचं चिन्ह क्रॉनच्या ओळीत नवी ओळ मानलं जातं, त्यामुळे तारखेचं नाव देणारी कमांड तिथेच तुटते. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा कमांड स्क्रिप्टमध्ये हलवा. आणि उत्तर व चुका दोन्ही एका फाइलमध्ये वळवा. मेल यंत्रणा नसलेल्या मशीनवर क्रॉन ते सरळ टाकून देतं.

बॅकअपसाठी ‘आरसिंक’ शिका. स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर फोल्डरातलं सामान जातं, नसेल तर फोल्डरसकट. ‘--डिलीट’ लावण्याआधी दरवेळी ‘-एन’ने कोरडी फेरी घ्या. स्रोत चुकून रिकामा असेल तर तो पर्याय बॅकअपही रिकामा करतो. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करू नका, अर्ध्या लिहिलेल्या अवस्थेत मिळतील. मायएसक्यूएलसाठी ‘मायएसक्यूएलडम्प’, पोस्टग्रेससाठी ‘पीजी_डम्प’. जुना नियम धरा: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्या सरावात ती दुसरी जागा म्हणजे पेनड्राइव्ह.

मग एक फोल्डर खरोखर पुसा आणि बॅकअपमधून परत आणा. किती मिनिटं लागली, मालकी आणि परवानग्या परत आल्या का, ते वहीत लिहा. परत आणून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

९. मशीन हळू चालतंय

‘अपटाइम’मधले तीन आकडे म्हणजे मागच्या १, ५ आणि १५ मिनिटांचा सरासरी भार. ते प्रोसेसरच्या संख्येशी ताडून बघा: दोन प्रोसेसरवर २ म्हणजे भरलेलं, ८ म्हणजे रांग लागलीय. भार मोठा पण प्रोसेसर मोकळा दिसत असेल तर ‘टॉप’मधला ‘डब्ल्यूए’ (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) पाहा, बहुधा डिस्क मागे पडलीय. ‘फ्री -एच’मध्ये ‘फ्री’ नव्हे, ‘अ‍ॅव्हेलेबल’ वाचा. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशेसाठी वापरतं आणि गरज पडताच परत देतं. एखादी सेवा कारण न देता मेली असेल तर ‘डीमेसेज’मध्ये (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. प्रोसेस थांबवताना आधी साधा ‘किल’ द्या, म्हणजे तिला आवरायला वेळ मिळतो. ‘-९’ अगदी शेवटी.

१०. पुसा आणि वहीवरून पुन्हा उभं करा

प्रमाणपत्राचा विचार इथपर्यंत आल्यावर करा. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत प्रत्यक्ष मशीनवर काम करून दाखवावं लागतं, आणि रिबूटनंतर टिकलं नाही ते काम धरलं जात नाही. एलपीआयसी-१ या दुसऱ्या लिनक्स प्रमाणपत्रासाठी १०१ आणि १०२ असे दोन पेपर असतात. आरएचसीएसए देणार असाल तर रॉकी किंवा अल्मावर सगळं एकदा पुन्हा करा, एसईलिनक्स या जादा सुरक्षा यंत्रणेसह.

त्याआधी हे करा. व्हर्च्युअल मशीन स्नॅपशॉटसकट डिलीट करा. फक्त वही आणि पेनड्राइव्हवरच्या बॅकअपवरून नवं मशीन उभं करा: किल्लीने एसएसएच, पासवर्ड बंद, वेबसाइट चालू, स्वतःची सेवा एनेबल, दुसरी डिस्क माउंट, फायरवॉल, रात्रीचा बॅकअप. घड्याळ लावून बसा. शेवटी एकदा रिबूट करा आणि कशालाही हात न लावता सगळं परत आलं का ते पाहा. पहिल्या वेळी अख्खी दुपार जाईल आणि वहीत चार-पाच गोष्टी लिहायच्या राहिलेल्या सापडतील: एखादी परवानगी, एखादा गट, हाताने केलेला आणि विसरलेला बदल. त्या लाल शाईने भरा, मशीन पुन्हा पुसा. तिसऱ्या फेरीत हे काम दीड-दोन तासांत व्हायला लागतं. मग वहीतल्या कमांड एकेक करून शेल स्क्रिप्टमध्ये उतरवायला घ्या.